नगरच्या किल्ल्यातली बाग

दिवाळीची सुटी संपवून विद्यार्थी परत आले, की आमच्या महाविद्यालयामागील मोकळ्या जागेत परसबागेचे काम सुरू होते. जागा फार नाही, दीड-दोन गुंठे असेल. पूर्वी तेथे एक बैठी इमारत होती. ती पाडली गेली आणि राडारोडा वरवर उचलून नेला गेला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी काही वर्षांपूर्वी तेथे मेथी, पालक, मुळा, चाकवत, कोथिंबीर लावायला आरंभ केला. कार्तिक सरत असतो, सकाळी गारठा पडू लागतो, जमिनीत परतीच्या पावसाची थोडी ओल उरलेली असते. पालेभाजीला याहून चांगले दिवस नगरच्या पठारावर सापडत नाहीत. जमीन मात्र करंटी आहे. कुदळ मारावी तर वीट लागते, वीट काढावी तर खाली चुन्याचा गोळा. पहिले आठ-दहा दिवस मुले बी टाकीतच नाहीत, नुसते दगड वेचतात.

गेल्या कार्तिकात असेच दगड वेचणे चालू असता आमच्यापैकी एकाने मुलांना सांगितले, की याच शहरातल्या भुईकोट किल्ल्यात अगदी अशाच जमिनीत काही कैद्यांनी वाफे केले होते, आणि त्या कैद्यांत जवाहरलाल नेहरू व मौलाना आझाद होते. मुलांना ठाऊक होते ते इतकेच, की नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तेथे लिहिला गेला. एका विद्यार्थिनीने विचारले, “काय लावलं होतं त्यांनी?” फुले, आम्ही म्हणालो. तिने हातातला दगड घमेल्यात टाकला आणि म्हणाली, “फुलंच का? भाजी का नाही? बाहेर तर तेव्हा दुष्काळ होता ना?”

त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न सुटला नाही. घरी येऊन आम्ही ती पुस्तके पुन्हा काढली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थिनीला उशिराने दिलेले उत्तर आहे.

१

प्रथम प्रसंग थोडक्यात सांगावा. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव संमत झाला. ९ ऑगस्टची पहाट उजाडण्यापूर्वीच धरपकड सुरू झाली. व्हिक्टोरिया टर्मिनसवरून एक खास गाडी सोडण्यात आली. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले. काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना घेऊन गाडी पुढे अहमदनगरला आली. (शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये ‘अहिल्यानगर’ झाले. लेखातील काळ जुना असल्याने आम्ही येथे जुने नाव ठेवले आहे.)

या किल्ल्यात ठेवले गेलेले बारा जण असे: काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, डॉ. पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि शंकरराव देव. बारा जणांच्या मातृभाषा मोजल्या तरी हिंदुस्थानचा एक लहानसा नकाशा तयार होतो. त्यात मराठी माणूस एकच, शंकरराव देव.

त्यांच्यावर खटला चालला नाही आणि शिक्षाही ठोठावली गेली नाही. ते स्थानबद्ध होते. त्यांना कोठे ठेवले आहे हे सरकारने आरंभी जाहीरच केले नव्हते. वर्तमानपत्रे मिळत नव्हती, पत्रव्यवहार बंद होता. बाहेर देश पेटला होता आणि ज्यांनी ठराव मांडला त्यांना त्याची वार्ताही नव्हती. सुटकेची तारीख नाही, मुदत नाही. नेहरूंचा हा नववा आणि सर्वांत दीर्घ तुरुंगवास. ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ या काळात ते या किल्ल्यात होते, आणि पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत त्यांनी याच दोन तारखा लिहिल्या आहेत.

शिक्षा झालेला कैदी दिवस मोजू शकतो. स्थानबद्धाला तेही सुख नसते. अशा वेळी माणूस काळाला काहीतरी माप शोधतो. बी टाकल्यापासून उगवेपर्यंत इतके दिवस, उगवल्यापासून कळी येईपर्यंत इतके, हे असेच एक माप आहे.

२

बागेची हकिकत आपल्याला मुख्यतः दोघांनी सांगितली आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फरक आहे.

आझादांनी आपल्या राजकीय आठवणींच्या पुस्तकात, ‘इंडिया विन्स फ्रीडम’मध्ये, सरळ वृत्तांत दिला आहे. अंगण उजाड होते, म्हणून फुलबाग करावी असे सर्वांनी ठरवले. पुण्याहून बियाणे मागवले. वाफे तयार केले. या कामात जवाहरलाल पुढे होते. तीस-चाळीस प्रकारचे बी पेरले, रोज पाणी घातले, वाफ्यातले तण काढले. रोपे वर येऊ लागली तसे सारे जण त्यांच्याकडे डोळे लावून बसत. फुले आली तेव्हा अंगणाचे रूप पालटले. राजकारणाच्या पुस्तकात, क्रिप्स शिष्टाई आणि फाळणी यांच्या दरम्यान, हे चार ओळींचे निवेदन येते आणि जाते. त्यात ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. पंत, पटेल, घोष, देव यांपैकी कोणी किती माती उपसली, हे त्या ‘आम्ही’त विरघळून गेले आहे. सामुदायिक बागेचे असे होणे स्वाभाविकच आहे. कोणता वाफा कोणाचा हे भांगलणीपुरते लक्षात राहते, पुढे कोणी विचारीत नाही.

आपल्याकडे पाऊस सरल्यावर हंगामी फुलांचे बी टाकतात आणि ती मार्गशीर्ष-पौषात फुलतात. ऑगस्टमध्ये येऊन पडलेल्या माणसांनी जमीन उकरायला घेतली, म्हणजे उकरण्याचे मुख्य काम भाद्रपद-आश्विनाच्या उन्हात झाले असणार. कडक उन्हातही आपण तासन् तास खणत होतो, असे नेहरू लिहितात. ऑक्टोबरमधले नगरचे ऊन ज्याने अंगावर घेतले आहे त्याला या वाक्याचे वजन कळते.

नेहरूंनी हे लिहिले ते ‘डिस्कव्हरी’च्या पहिल्याच प्रकरणात. साने गुरुजींनी हा ग्रंथ ‘भारताचा शोध’ या नावाने मराठीत आणला, त्यामुळे मराठी वाचकाला तो परका नाही. त्या प्रकरणात नेहरू सांगतात, की जमीन फारच वाईट होती. दगडगोटे, आधीच्या बांधकामांचे अवशेष आणि त्याहूनही जुन्या वास्तूंचे तुकडे तिच्यात भरले होते. खणता खणता जुन्या भिंती लागल्या, जमिनीत गाडल्या गेलेल्या इमारतींचे घुमटाचे माथे लागले. एकदा भिंतीवर कोरलेले एक सुंदर दगडी कमळ वर आले, बहुधा दरवाजावरचे असावे. अधिक खोल जाण्याची परवानगी नव्हती आणि साधनेही नव्हती. मग ते म्हणतात, की आता आपण कुदळ ठेवून लेखणी हाती घेतली आहे. पुढे येणारे सर्व काही, सिंधू संस्कृतीपासून चालू महायुद्धापर्यंत, ही त्या लेखणीची खुदाई.

या कबुलीचे स्थान महत्त्वाचे आहे, आणि येथे आम्हांला आमचाही एक दोष कबूल केला पाहिजे. वर्षानुवर्षे आम्ही विद्यार्थ्यांना या ग्रंथाविषयी सांगत आलो, परंतु हा परिच्छेद ‘प्रास्ताविक’ म्हणून ओलांडून पुढे जात आलो. आशय म्हणजे सम्राट अशोक, आशय म्हणजे विविधतेतील एकता. कैद्याच्या हातातली कुदळ आम्हांला आशय वाटली नाही. ग्रंथाची मध्यवर्ती प्रतिमा त्या वाफ्यातून आली आहे, हे दगड वेचणाऱ्या मुलांसमोर उभे राहीपर्यंत आमच्या लक्षात आले नव्हते.

३

नेहरूंच्या त्या परिच्छेदात आणखी एक वाक्य आहे, ते नगरच्या माणसाला जरा टोचते. या जागेला इतिहास आहे, लढाया आणि कारस्थाने येथे झाली, परंतु भारताच्या मानाने हा इतिहास फार जुना नाही आणि एकूण पटावर फार महत्त्वाचाही नाही, अशा अर्थाचे ते विधान आहे. एकच गोष्ट ते अपवाद म्हणून काढतात, ती अकबराच्या फौजेविरुद्ध हा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीची. १५९५-९६ च्या वेढ्यात तिने तो राखला, आणि १६०० मध्ये स्वतःच्याच माणसांकडून ती मारली गेली. चांदबिबीचे नाव आजही नगरमध्ये घरोघरी माहीत आहे.

परंतु कुदळीच्या टोकाशी जे लागत होते ते चांदबिबीच्याही आधीचे असू शकते. मलिक अहमद या बहमनी सरदाराने १४९० च्या मे महिन्यात भिंगारजवळ जहांगीरखानाच्या बहमनी फौजेवर अवचित छापा घालून तिचा पराभव केला आणि निजामशाहीला आरंभ झाला. हा मलिक अहमद म्हणजे मलिक हसन बहरीचा मुलगा, आणि हसन हा जन्माने पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असे फरिश्ता सांगतो. विजयाच्या जागी मलिक अहमदाने एक बाग केली आणि बागेत महाल बांधला. त्या बागेचे नाव ‘बाग निजाम’. इतिहासकार त्या लढाईलाच ‘बागेची लढाई’ म्हणू लागले. चार वर्षांनी, १४९४ मध्ये, बागेच्या शेजारी शहर वसू लागले. बागेला तट पडला. हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीत, १५५९ च्या सुमारास, त्या जागी दगडी तटाचा आणि खंदकाचा आजचा किल्ला उभा राहू लागला.

म्हणजे हा किल्ला मुळात एक बाग होता.

नेहरूंच्या परिच्छेदात या बागेचा उल्लेख नाही. चांदबिबी आहे, कमळ आहे, बाग निजाम नाही. बारा कैदी एका उजाड अंगणात पहिल्यांदा बाग करीत आहोत अशा समजुतीने खणत होते, आणि त्यांची कुदळ साडेचारशे वर्षांपूर्वीच्या बागेच्या मातीत उतरत होती. ते दगडी कमळ नेमके कोणत्या इमारतीचे होते ते सांगता येत नाही. परंतु निजामशाही कमानींच्या खांद्यांवर फुललेली कमळे नगरच्या कोणत्याही जुन्या वास्तूत दिसतात. पाथरीच्या कुळातून आलेल्या सुलतानांच्या दारावर कमळ असावे, यात इथल्या गवंड्यांना काही वावगे वाटले नसेल.

बागा हा या शहराचा जुना नाद आहे. सोळाव्या शतकातच हश्त बिहिश्त बाग झाली. फराहबाग झाली, तिच्या मधोमध पाण्यात उभा असलेला महाल १५८३ मध्ये पुरा झाला आणि तो आज पडक्या अवस्थेत उभा आहे. या बागांना पाणी कोठून येई? दूरच्या विहिरी-झऱ्यांवरून जमिनीखालून आणलेल्या भाजक्या मातीच्या नळांतून. नगरकर त्यांना ‘खापरी नळ’ म्हणतात. कमी पावसाच्या पठारावर उतार साधून, पाणी उघड्यावर न आटू देता शहरापर्यंत आणण्याची ही विद्या इराणच्या बाजूने आली आणि नगरमध्ये रुजली. त्याच नळांवर हौद भरत आणि त्याच नळांवर कारंजी उडत. पिण्याच्या पाण्याची आणि शोभेच्या पाण्याची वाट एकच होती.

हे शेवटचे वाक्य त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत जाताना हाताशी ठेवावे.

४

फुलेच का, भाजी का नाही?

प्रश्न पोरकट नाही. १९४२ मध्येच सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू केली होती. ब्रह्मदेश पडला, तेथून येणारा तांदूळ थांबला, भाव चढले. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळाने जी माणसे मेली त्यांचा आकडा सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाखांच्या आसपास धरला. पुढील अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. किल्ल्यातील बारा जणांत प्रफुल्लचंद्र घोष बंगालचे होते. वर्तमानपत्रे मिळू लागल्यावर या बातम्या आत येत होत्या. नेहरूंनी आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात या दुष्काळावर संतापाने लिहिले आहे. म्हणजे ज्या प्रकरणात फुलांचे वाफे आहेत त्याच प्रकरणात उपासमारीने रस्त्यावर मरणारी माणसेही आहेत. ही दोन चित्रे शेजारी ठेवताना लेखकाला विसंगती जाणवली नसेल असे आम्हांला वाटत नाही.

मराठी मनाचा कल तर भाजीकडेच. सावता माळ्याने आपल्या मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहिला, पंढरीची वारीदेखील त्याला त्या मळ्यात घडली. गांधीजींच्या आश्रमांत शरीरश्रम हे व्रत होते. पवनारला विनोबांनी १९५०-५१ मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला, तेव्हा बैलाशिवाय, स्वतःच्या हातांनी शेती करून पोटापुरते पिकवण्याचा आग्रह धरला. या परंपरेत वाढलेल्या वाचकाला बारा राष्ट्रीय नेत्यांनी पुण्याहून फुलांचे बी मागवावे, हे थोडे सुखवस्तू वाटले तर नवल नाही.

काही व्यावहारिक उत्तरे देता येतात. त्यांचे जेवण सरकारी व्यवस्थेतून येत होते. भाजी लावून अन्नाचा प्रश्न सुटला नसता, बंगालचा तर नाहीच. दुसरे असे, की आपल्याकडील तुरुंगांत भाजीचा मळा हा सक्तमजुरीचा भाग असतो. मोट ओढणे, वाफे खणणे ही शिक्षा झालेल्या कैद्यांची कामे, आणि उत्पन्न तुरुंगाचे. किल्ल्यातील स्थानबद्धांना कोणी मजुरी सांगू शकत नव्हते. ज्या कामातून तुरुंगाला काहीही मिळणार नाही असे काम त्यांनी आपखुशीने अंगावर घेतले, एवढे तरी म्हणता येते.

परंतु ही उत्तरे देताना आम्ही वकिली करीत आहोत की काय, अशी शंका आम्हांलाच आली. कारण प्रश्नाची दुसरी बाजू उरतेच. या बारा जणांचा दिवस सुरळीत चालावा म्हणून त्या आवारात दुसरे लोकही होते. आझादांनी एका स्वयंपाक्याची हकिकत सांगितली आहे. पगाराच्या आशेने तो आत आला, आणि आतले गुपित बाहेर जाऊ नये म्हणून त्याला बाहेरच जाऊ देईनात. विनोदाने सांगितलेली ती गोष्ट आज वाचताना हसू पूर्ण उमटत नाही. आपल्या गुन्ह्यावाचून अडकलेल्या त्या माणसाने ग्रंथ लिहिला नाही.

म्हणून आम्ही उत्तर भाषेत शोधले, कारण तो आमचा धंदा आहे.

‘मळा’ हा शब्द आपला. ‘बाग’ हा फारसी, सुलतानांबरोबर आलेला. मळा पोटासाठी आणि बाग डोळ्यांसाठी, अशी वाटणी आपण मनात केलेली असते. परंतु नगर जिल्ह्यात कोणत्याही शेतकऱ्याला ‘तुमची जमीन कशी?’ असे विचारा. तो दोन शब्दांत उत्तर देईल: जिरायत किंवा बागायत. पावसावर अवलंबून असलेली ती जिरायत, पाणी असलेली ती बागायत. ‘बागायत’ म्हणजे बागच, तिचे अनेकवचन. फुलांचा त्या शब्दाशी आता काही संबंध उरलेला नाही. त्यात ऊस येतो, कांदा येतो, मेथी-कोथिंबीर येते. प्रवराकाठी लोणीला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला तो बागायतीच्या जोरावर. जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे तालुके टँकरची वाट पाहत राहिले ते जिरायतीमुळे. सुलतानाच्या चैनीसाठी आलेला शब्द इथल्या कुणब्याने उचलला, त्यातली शोभा बाजूला ठेवली आणि पाणी तेवढे घेतले.

शब्दाचा हा प्रवास आम्हांला फार बोलका वाटतो. पाणी, माती आणि रोजची राखण असेल ती बाग, हा नगरी मराठीचा निवाडा आहे. फूल की भाजी, हा भेद तिने मोडून टाकला. खापरी नळांत जशी हौदाची आणि कारंज्याची वाट एक होती, तसेच हे. या अर्थाने पाहिले तर किल्ल्यातील त्या अंगणाची बारा माणसांनी जिरायतीची बागायत केली. आणि बागायत करणाऱ्याला जी एक गोष्ट टाळता येत नाही तीच त्यांनाही टाळता आली नाही, ती म्हणजे रोज जाऊन पाहणे.

५

येथे दुसरा लेखक पुढे येतो. आझादांचे उर्दू पुस्तक ‘गुबार-ए-खातिर’ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी ‘डिस्कव्हरी’ही. ती पत्रे आहेत, हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला उद्देशून लिहिलेली. किल्ल्यातून ती टपालात पडणे शक्य नव्हते, तरीही लिहिलेली. त्यांत धर्म, तत्त्वज्ञान, संगीत आहे, पहाटेचा चहा आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी झालेले युद्ध आणि मग तह आहे. मार्च १९४३ मधील एका पत्रात फुललेली बाग आणि तिच्यात येऊन गाणारा बुलबुल आहे. तुरुंगाधिकाऱ्याला त्यांनी किल्ल्याच्या जुन्या इतिहासातले ‘चीताखान’ हे नाव देऊन टाकले आहे. ज्या स्थानिक इतिहासाला नेहरू बिनमहत्त्वाचा म्हणाले, तो आझादांच्या हाती रोजच्या थट्टेत जिवंत झाला.

दोघांची तुलना करून एकाला मोठे ठरवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एकाच अंगणातून दोन प्रकारचे लेखन निघाले, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखे आहे. नेहरूंनी वाफा खणला, कमळ पाहिले आणि ते कमळ घेऊन ते पाच हजार वर्षे मागे गेले. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी जे लिहिले त्यात अंगण पुन्हा फारसे दिसत नाही. आझाद अंगणातच थांबले. त्यांचा विषय कितीही दूर गेला, अगदी फारसी कवींपर्यंत गेला, तरी परत येताना तो त्या वाफ्याशी, त्या पाखराशी येतो. पहिली रीत खणण्याची आहे, दुसरी निगराणीची. इतिहास लिहायला दोन्ही लागतात. आमच्या वर्गांत पहिलीलाच तेवढा इतिहास म्हणण्याची सवय आहे.

निगराणीची किंमत काय असते, ते एप्रिल १९४३ च्या पत्रात कळते. आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. काही विनंती असल्यास ती सरकारला कळवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. सरकारकडे काही मागायचे नाही, असे आझादांनी ठरवले. ९ एप्रिलला जुलेखा बेगम गेल्या. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की या काळात आपण दिनक्रम मोडू दिला नाही, वर्तमानपत्र आले तरी घाईने उघडले नाही. आणि लगेच कबूल करतात, की हे सारे धैर्य वरवरचे होते, एक नाटकच होते. पत्राच्या अखेरीस ते आवारातल्या एका जुन्या कबरीविषयी लिहितात. ती कोणाची, ठाऊक नाही. येथे आल्यापासून शेकडो वेळा ती पाहिली होती. आता तिच्याकडे पाहताना काही निराळीच जवळीक वाटते. मग त्यांना एका प्राचीन अरबी कवीची, भावाच्या मृत्यूवरची विराणी आठवते. त्या कवीला प्रत्येक कबर आपल्या भावाचीच वाटत होती.

हीच ती जमीन. त्याच मातीतून नेहरूंच्या कुदळीला कमळ लागले. कबर कोणी खणून काढली नव्हती, ती पहिल्या दिवसापासून वरच होती. रोज त्या अंगणात वावरणाऱ्या माणसाला ती एका संध्याकाळी दिसली. इतिहासाचे काही पुरावे असे असतात, ते खणून मिळत नाहीत. त्यांच्याजवळ राहावे लागते.

६

किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. नेत्यांच्या खोल्या जतन केलेल्या आहेत. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन जातो तेव्हा मुले खोल्या पाहतात, नावे वाचतात, छायाचित्रे काढतात. यंदा आम्ही त्यांना आधी अंगणात उभे केले. येथे १४९० मध्ये एक बाग झाली, असे सांगितले, १९४२ मध्ये दुसरी झाली, आणि मधल्या काळात या जागेने तोफा, वेढे, वेलस्लीची १८०३ ची स्वारी आणि पहिल्या महायुद्धात नगरला डांबलेले जर्मन कैदी पाहिले. मग पायांखालच्या मातीकडे बघायला सांगितले. मुले काही वेळ गप्प राहिली.

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी बरोबर होती. जिरायत-बागायतीचे उत्तर आम्ही तिला सांगितले. ती पारनेर तालुक्यातल्या जिरायती गावची. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “पण पाणी असलं तरच ना. त्यांना पाणी होतं.” या बोलण्यावर आमच्यापाशी उत्तर नाही, आणि ते असावे असेही वाटत नाही. बागायतीचा इतिहास शिकवताना जिरायतीतल्या मुलीने हे म्हणायलाच हवे. तिच्या या वाक्यासाठी आम्ही पुढल्या वर्षीच्या टाचणात जागा ठेवली आहे.

परसबागेतली मेथी परवा काढली. जुड्या बांधून काही वसतिगृहाच्या मेसला दिल्या, काही मुलांनी घरी नेल्या. मुळ्याला अजून अवकाश आहे. वाफ्याच्या एका कडेला, कोणी लावली ते विचारूनही कळले नाही, झेंडूची पाच-सहा रोपे वाढली आहेत. खुरपताना मुलांनी ती उपटली नाहीत. आम्हीही काही बोललो नाही.